चौथ्या खणातला आवाज

"माझ्या माणसाचा आवाज चोरीला गेलाय," म्हातारी म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली.

अनारकानने चहात बुडवलेला बोरसोक, म्हणजे तळलेल्या पिठाचा गोळा, बशीत ठेवला. रिस्पेकने संधी साधून ताटलीतला शेवटचा बोरसोक उचलला.

बिश्केकमध्ये खाजगी तपास करणारे पाचसहा जण आहेत. कुणाचा नवरा कुठे जातो, कुणाचा घोडा कुणी पळवला, असली कामं ते करतात. त्यांत बाई एकच, ती म्हणजे अनारकान. तिची तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडण्यात गेली. दुसऱ्यांची बोलणी कानावर पडून पडून तिला एक खोड लागली होती. माणूस काय बोलतो यापेक्षा बोलता बोलता कुठे अडखळतो याकडे तिचं लक्ष असायचं. तिचा मदतनीस रिस्पेक हा पोलिसातला निवृत्त हवालदार. त्याच्याकडे जुनी गाडी होती आणि अढळ श्रद्धा होती की जो पहिला भेटेल तोच गुन्हेगार.

म्हातारीचं नाव बुरुलचा; आईच्या वयाची म्हणून सगळे बुरुलचा अपा म्हणत. नवऱ्याचं नाव विचारल्यावर त्यांनी पिशवीतून एक छापील पत्रिका काढली आणि टेबलावरून पुढे सरकवली. आमच्याकडे जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. सासऱ्याचं, दिराचंही घेत नाहीत. रिस्पेकने पत्रिका मोठ्याने वाचली. कोमुझवादक आणि गायक सेयितकाझी यांचा अश येत्या शनिवारी. अश म्हणजे माणूस जाऊन वर्ष झालं की घालतात ते गावजेवण.

मग अपांनी सगळं सांगितलं. नवऱ्याला घरात स्वतःचा आवाज वाजलेला खपत नसे, त्यामुळे घरी एकही कॅसेट नव्हती. तो गेल्यावर त्यांना कळलं की गाण्यांच्या सरकारी संग्रहात त्याचं सगळं गाणं ठेवलेलं आहे. तेव्हापासून दर गुरुवारी त्या दोन मिनीबस बदलून तिथे जात, कानाला हेडफोन लावून अर्धा तास बसत आणि परत येत. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना सांगण्यात आलं की सेयितकाझीचा आवाज यंत्रातून नाहीसा झालाय. बहुधा पुसला गेला. आणि आता परवा, शुक्रवारी सकाळी, ते जुनं यंत्र साफ करून भंगारात जाणार होतं.

"अकरा महिने मी गुरुवार ते गुरुवार जगले, पोरी," अपा म्हणाल्या. "अजून एकदा ऐकू दे. मग काय व्हायचं ते होऊ दे."

अनारकानने विचारलं की हा पत्ता कुणी दिला. अपांनी चिठ्ठी दाखवली. केलिनने दिला होता, म्हणजे सुनेने. सून नुरझात त्याच संग्रहात इंजिनिअर होती. मुलगा चार वर्षं नोवोसिबिर्स्कला इमारतींच्या कामावर, त्यामुळे घरात सासू आणि सून दोघीच.

"तिच्याच ऑफिसातली गोष्ट, पण म्हणाली, अपा, बाहेरचं कुणीतरी बघा."

अनारकानने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. अक्षर सुरेख होतं, पण पेन इतकं दाबलेलं की कागद फाटायला आला होता. मोबदल्याचं नंतर बघू, असं सांगून तिने अपांना चहा दिला.

*

संग्रहाचे डायरेक्टर तुर्गुनबेक अशिमोविच हे गृहस्थ बोलताना सतत एखाद्या समारंभात असल्यासारखे बोलत. ही राष्ट्राची हानी आहे, असं ते तीनदा म्हणाले. चौथ्यांदा म्हणायच्या आत अनारकानने विचारलं की नेमकं काय गेलं.

सेयितकाझीची सगळी गाणी गेली होती. त्यात एक गोष्ट अशी होती की जी अजून जगाने ऐकलेलीच नव्हती. मरणाआधी तीन आठवडे तो स्टुडिओत आला होता आणि चाळीस मिनिटं न थांबता गायला होता. ते अखंड मुद्रण अशच्या दिवशी दोनशे पाहुण्यांसमोर कर्ण्यांवर वाजवायचं, असं डायरेक्टरांनी ठरवलं होतं. पत्रिकेवर तसं छापूनही झालं होतं. इस्तंबूलची एक संगीत कंपनीसुद्धा त्यासाठी मागे लागली होती.

रिस्पेकने भुवया उंचावून अनारकानकडे पाहिलं. त्याला त्याचा गुन्हेगार सापडला होता.

"तुम्ही स्वतः ऐकलंत ते?" अनारकानने विचारलं.

"सुरुवातीची पाच मिनिटं. सूर जुळवणं वगैरे. मग मंत्रालयाचा फोन आला." ते थोडे ओशाळले. "चाळीस मिनिटं कुणाला आहेत हो हल्ली?"

"मग पूर्ण कुणी ऐकलं?"

ध्वनिमुद्रकाने ऐकलं असणार, पण तो गेल्या हिवाळ्यात मॉस्कोला निघून गेला होता. घरच्यांची संमती लागते म्हणून डायरेक्टरांनी सुनेला एका शुक्रवारी ऐकायला बसवलं होतं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल झालेले. साहजिकच आहे, सासऱ्याचा आवाज. सही सोमवारी करते म्हणाली. सोमवारी डायरेक्टर दौऱ्यावर होते आणि मंगळवारी सगळंच नाहीसं झालं.

"दुसरी प्रत नव्हती?"

होती. पण ती प्रत दर रविवारी यंत्राकडे बघून स्वतःला नवी करून घेत असे. मूळ दिसेना, तशी रविवारी प्रतही रिकामी झाली. डायरेक्टरांनी मात्र तत्परता दाखवली होती. यंत्राच्या खोलीला सील ठोकलं, पासवर्ड बदलला, कुणीही हात लावायचा नाही असा हुकूम काढला आणि यंत्राची नोंदवही छापून घेतली. चाळीस पानं होती. ती अजून कुणी वाचली नव्हती.

"आणि आधीचा पासवर्ड कुणाकुणाकडे होता?"

"माझ्याकडे आणि नुरझातकडे," डायरेक्टर म्हणाले. "अत्यंत गुप्त."

*

"गुप्त?" वादिम हसायला लागला. "त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता तो, अनारकान इशेनोव्ना. चहावालीलासुद्धा पाठ होता."

वादिम हा नवं यंत्र बसवायला आलेल्या कंपनीचा माणूस, इथलाच रशियन. तो त्या मंगळवारी दिवसभर त्याच खोलीत फुटपट्टी घेऊन मापं काढत होता, हे त्याने न विचारता सांगितलं. रिस्पेकने डायरेक्टरांना मनातल्या मनात सोडून दिलं आणि याला धरलं.

सील केलेल्या खोलीच्या दाराला काच होती. आत माणसाएवढं काळं कपाट उभं होतं, बारीक दिवे लुकलुकत होते. वादिमने काचेवर बोट ठेवून समजावलं. कपाटात चोवीस डिस्क आहेत. पण पलीकडच्या खोलीतलं संग्रहाचं मशीन, ज्यावर लोक गाणी ऐकतात, त्याला या डिस्क दिसतच नाहीत. त्याला दिसतात खण. प्रत्येक गायकाला एक, असे सहा खण. नंबर शून्यापासून पाचपर्यंत.

"शून्यापासून?" रिस्पेक म्हणाला.

"आमची खोड आहे, बाइके," थोरल्या भावाला म्हणतात तसं वादिम म्हणाला. "आता त्या मशीनला दिसतात शून्य, एक, दोन, तीन आणि पाच. चौथा गायब."

"मग चौथी डिस्क कुणीतरी खिशात घालून नेली. सोपं आहे."

वादिमने मान हलवली. खण म्हणजे अमुक एक डिस्क नव्हे. एका खणातला माल चोवीसही डिस्कवर थोडा थोडा पसरलेला असतो. एक डिस्क चोरून नेली तर सहाही गायकांचा भुगा हाती लागेल, गाणं एकही मिळणार नाही. खण हा लाकडाचा नसतोच. एवढी जागा तुझी आणि हा तिचा नंबर, असा कपाटाने मशीनला दिलेला तो शब्द असतो.

रिस्पेकचा चेहरा कोराच राहिला. अनारकानला मात्र त्यात आपलं एक्स्चेंज दिसायला लागलं होतं.

"मेंढी कापल्यावर काय करतो आपण?" ती त्याला म्हणाली. "मानाप्रमाणे हाडं वाढतो. थोरल्याला मांडी, जावयाला दुसरं काही. पाहुण्याला अख्खी मेंढी दिसते का? त्याच्या पुढ्यात जे ताट येतं तेवढंच त्याचं. कुणापुढे कुठलं ताट, ते यजमानाला माहीत."

"तसंच," वादिम म्हणाला. "कपाटात यादी असते. कुठला खण कुठल्या मशीनला दाखवायचा आणि कुठल्या नंबराने."

"आणि या पाच खणांचा आकार?"

"प्रत्येकी सहा टेराबाइट. चौथाही तेवढाच होता."

कपाटाच्या दर्शनी भागावर एक छोटा पडदा होता. अनारकानने रिस्पेकला त्यावरचे आकडे वहीत लिहून घ्यायला सांगितले. एकूण चाळीस, मोकळे चार. रिस्पेकने नीट लिहून घेतलं आणि वही मिटली.

*

नुरझात तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, बोटांची नखं कुरतडलेली. तिने चहा केला, आधी अनारकानला दिला, मग रिस्पेकला, आणि स्वतः उभीच राहिली. कपाटाची जबाबदारी तिची होती. खण पाडायचे, मशीनला द्यायचे, काढून घ्यायचे. आतल्या गाण्यांना हात लावायचा तिला अधिकार नव्हता. ते काम गाण्यांची सूची करणाऱ्यांचं.

"कपाट माझं, आतलं सामान माझं नाही," ती म्हणाली.

अनारकानने तिला खणांची जुनी यादी वाचायला सांगितली. प्रत्येक खणाला गायकाचं नाव दिलेलं होतं.

"शून्य, जान्यबाय. एक, तोलोगोन. दोन, सारतबाय. तीन, कालमुरात." ती क्षणभर थांबली. "चौथा आमचा. पाच, इदिरीस."

"चौथा पुसला गेला का?"

"संग्रहाच्या मशीनला तो दिसत नाही."

"मी विचारलं, पुसला गेला का?"

"मशीनला दिसत नाही, एजे," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती म्हणाली. "मी एवढंच सांगू शकते." मग तिने एकदम विचारलं, "शुक्रवारी किती वाजता साफ करणार आहेत कपाट? मला कुणी सांगतच नाही. वादिम फक्त मशीनला दिसतं तेवढंच नव्या यंत्रात नेणार. बाकी सगळं जाणार."

अनारकान म्हणाली की सकाळी नऊला. नुरझातने मान हलवली आणि रिकामे पेले उचलायला लागली. त्यातला एक अजून भरलेला होता.

टेबलावर तिच्या नवऱ्याचा फोटो होता, बर्फात उभा, डोक्यावर पिवळं हेल्मेट. घरी कधी येणार असं रिस्पेकने सहज विचारलं. वसंतात, असं ती म्हणाली. दरवर्षी वसंतातच म्हणतो, असंही म्हणाली.

गाडीत बसल्यावर रिस्पेक म्हणाला, "एजे, गुन्हेगार वादिमच. आधी पुसायचं आणि मग शोधून देतो म्हणून मिरवायचं."

"तू आज सकाळी बोरसोक खाल्लास तो माझ्या वाट्याचा होता," अनारकान म्हणाली. "तो पुसला गेला की दिसेनासा झाला?"

"खाल्ला," रिस्पेक म्हणाला. "आणि तो पुसलाच गेला."

"मग ताटली मोकळी झाली. तुझ्या वहीतले आकडे बघ जरा."

त्याने पाहिले. त्याला काही कळलं नाही आणि त्याने तसं कबूल केलं.

*

गुरुवारी सकाळी ती चाळीस पानं घेऊन अनारकानने वादिमला चहाच्या टपरीवर गाठलं. त्यातल्या पाच ओळींखाली तिने पेन्सिल ओढली होती. आवाज नाहीसा झाला त्या मंगळवारच्या होत्या त्या. पाचही ओळींपुढे तेच सामायिक खातं, ज्याचा पासवर्ड काचेखाली होता. म्हणजे कोण ते त्यावरून कळणार नव्हतं.

अकरा वाजून सहा मिनिटांनी कुणीतरी चौथ्या खणाचं दार संग्रहाच्या मशीनसाठी बंद करायला घेतलं आणि रद्द केलं. अकरा नऊला पुन्हा तेच, पुन्हा रद्द. अकरा पंधराला तिसऱ्यांदा, रद्द. अकरा एकवीसला त्या खणाचं नाव बदललं. सेयितकाझी होतं, त्याऐवजी नुसतं क. अकरा बावीसला क नावाच्या खणाचं दार बंद झालं.

वादिमने हळूच शीळ घातली. खण पुसलेला नव्हता, फक्त यादीतून काढला होता. सगळं गाणं जागच्या जागी होतं.

"दार बंद करताना कपाट काय विचारतं?" अनारकानने विचारलं.

चौकट उघडते, वादिमने सांगितलं. खात्री म्हणून खणाचं पूर्ण नाव हाताने लिहायला लावते, चुकून भलतंच बंद होऊ नये यासाठी. त्याला दिवसातून दहा वेळा लिहावं लागतं.

"आणि नाव बदलताना?"

"तेव्हा काही विचारत नाही. खणावर बोट ठेवा, नवं नाव लिहा, झालं."

"म्हणजे एका मिनिटासाठी नाव बदललं. लपवायला?"

"लपवायला कसं? जुनं नाव इथेच छापलंय की." वादिमने खांदे उडवले. "वेडा असेल."

अनारकानने त्याला दुपारपर्यंत तोंड बंद ठेवायला सांगितलं. लगेच खण उघडला असता तर आवाज मिळाला असता, पण ज्याने तो लपवला त्याच्या मनातलं कळलं नसतं, आणि त्याने पुन्हा तेच केलं असतं. वादिमला हे पटलं, कारण चहाचे पैसे अनारकानने दिले.

*

दुपारी सगळे ऐकण्याच्या खोलीत जमले. बुरुलचा अपा आपल्या नेहमीच्या खुर्चीत, समोर हेडफोन. मागे भिंतीशी नुरझात उभी. डायरेक्टर, वादिम आणि दाराशी रिस्पेक, कुणी पळालंच तर धरायला.

"आधी एक गोष्ट," अनारकान म्हणाली. "आवाज पुसलेला नाही."

अपांनी डोळे मिटून घेतले.

अनारकानने हिशोब मांडला. कपाटात एकूण चाळीस. दिसणारे पाच खण, प्रत्येकी सहाचे, म्हणजे तीस. चौथा पुसला गेला असता तर दहा मोकळे दिसले असते. पडद्यावर मोकळे होते चार. म्हणजे सहाची जागा अजून कुणीतरी अडवून बसलेलं होतं. मेंढी स्वयंपाकघरात अख्खी होती, फक्त एक ताट पाहुण्यापर्यंत पोचलं नव्हतं. मग तिने त्या पाच ओळी वाचून दाखवल्या.

"आता हे केलं कुणी? खातं सगळ्यांचं, पासवर्ड सगळ्यांचा, मंगळवारी तिघंही इमारतीत. मीही बुचकळ्यात पडले. पण तीन वेळा रद्द का? पहिल्यांदा वाटलं, भीती. पण भ्यालेला माणूस एकतर पळतो नाहीतर उरकून टाकतो. हा माणूस तीनही वेळा एकाच चौकटीपाशी अडला, जिथे ते नाव हाताने लिहायचं होतं. मग त्याने नावच बदललं आणि चौकटीत क लिहिलं. लपवायला नव्हे. त्याला ते नाव लिहवत नव्हतं."

डायरेक्टर म्हणाले की त्यात काय, नाव तर नाव.

"तुम्ही शंभरदा लिहाल. वादिम दिवसाला दहा नावं लिहितो. इस्तंबूलला विकायचं असतं तर तुम्ही ते दिमाखात लिहिलं असतं. इथे काम करणाऱ्यांत ते नाव जिभेवर आणि बोटावर येऊ न देणारं एकच माणूस आहे. काल तिने मला सहा नावांची यादी वाचून दाखवली आणि पाचच नावं घेतली. चौथा आमचा, म्हणाली. डिग्री शहरातली असली तरी बोटं सासरची आहेत."

कुणीही नुरझातकडे पाहिलं नाही. तिनेच पदराने चेहरा झाकावा तसा हात तोंडावर धरला.

"पुसणं तिच्या हातात होतं, एका चौकटीपलीकडे. तिने पुसलं नाही. रविवारी, अश झाल्यावर परत देणार होती. मध्येच डायरेक्टरसाहेबांनी सील ठोकलं आणि कपाट भंगारात काढायची तारीख आली. बोलली तर कारण सांगावं लागणार. गप्प राहिली तर आवाज जाणार. म्हणून तिने सासूला माझा पत्ता दिला. मी शोधावं, पण तिला बोलावं लागू नये, अशी तिची इच्छा होती." अनारकान थांबली. "का लपवलं, ते मी सांगणार नाही. ते माझं सांगणं नव्हे. तुर्गुनबेक अशिमोविच, आपण बाहेर जाऊ या."

"बसा," अपा म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण डायरेक्टर बसले. "मी सांगते. त्या चाळीस मिनिटांत सायरागूल आहे. हो ना, केलिन?"

नुरझात पुढे आली. ती सासूच्या पायाशी खाली बसली.

"तुम्हाला..."

"सुसामीरच्या कुरणावरची. आमच्या लग्नाआधीची गोष्ट. तिच्या बापाने तिला दुसरीकडे दिली. मेंढ्यांची लोकर कातरताना हा तोंडातल्या तोंडात तिच्यावरचं तेच अरमान, अपुऱ्या इच्छेचं ते गाणं, म्हणायचा, एक्कावन्न वर्षं. त्याला वाटायचं मी कामात आहे, मला ऐकू येत नाही. मला ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ आहे."

"दोनशे माणसांसमोर वाजणार होतं, अपा. तुम्ही मध्ये बसलेल्या असणार आणि तिचं नाव कर्ण्यांवर..." नुरझातने डोळे पुसले. "तो नोवोसिबिर्स्कहून फोन करतो ते सगळं मी साठवून ठेवते आणि पुन्हा पुन्हा ऐकते. मला कळत होतं मी तुमच्याकडून काय काढून घेतेय. गुरुवारी तुम्ही घरीच कोट घालून बसायच्या, आणि मला ते बघवत नव्हतं."

अपांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मला राग यायचा. आधी फार यायचा. मग राग म्हातारा झाला. एकच वाटत राहिलं, कधीतरी एखादी ओळ माझं नाव घालून म्हणेल. नाही म्हटली त्याने. ते माझं अरमान, ते माझ्याबरोबर जाईल. पण आता मला तो हवाय गं. कुणासाठी का गाईना."

डायरेक्टरांनी नाक शिंकरलं, खिशातून नवा पासवर्ड काढला आणि स्वतः सील फोडलं. वादिमने खण यादीत परत घातला, जुनं नाव लिहिलं आणि उद्याची वाट न बघता सगळ्यात आधी तोच नव्या यंत्रात उतरवायला लावला. पलीकडच्या मशीनवर पुन्हा सहा खण दिसायला लागले.

अपांनी चाळीसही मिनिटं ऐकली. मध्ये एकदा हसल्या, एकदा कोटाचं बटण घट्ट धरून बसल्या. बाकीचे खिडकीतून बाहेर बघत राहिले. रिस्पेकला आपली बायको माहेरी गेलीय ते आठवलं आणि संध्याकाळी तिला फोन करावा असं वाटलं.

हेडफोन काढून अपांनी विचारलं, "गाडी कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," रिस्पेक म्हणाला.

"सायरागूल आहे अजून. तिचा नवरा गेला, मुलाकडे असते. तिच्यासाठी एवढं गायला हा माणूस, आणि तिला त्यातली ओळसुद्धा माहीत नाही. सुसामीरच्या खिंडीत बर्फ पडायच्या आत जाऊन तिला घेऊन ये."

*

शनिवारी अंगणात तंबू उभे राहिले. दोनशे पाहुण्यांत बुरुलचा अपांच्या उजव्या हाताला एक वाळकी, उंच म्हातारी बसली होती. नणंदांनी एकमेकींना कोपरं मारली. शेवटी एकीने विचारलंच की ह्या कोण.

"आमच्या घरच्या आहेत," अपा म्हणाल्या.

कर्ण्यांवर सेयितकाझी गायला लागला. नाव आलं तेव्हा अंगणात कुजबुज उठली आणि अपा समोर बघत बसल्या तशी ती विरली. सायरागूल रडली नाही. ती दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून ऐकत होती. गाणं संपलं, तारा थांबल्या आणि मुद्रणात नुसता माणूस उरला, श्वास घेणारा, खोकणारा.

"तो नेहमी असाच खोकायचा?" सायरागूलने हळूच विचारलं.

अपा तिच्याकडे वळल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"हिवाळ्यात. मी गरम दुधात लोणी घालून द्यायचे. नाक मुरडायचा, पण प्यायचा."

"आणखी सांग," सायरागूल म्हणाली.

आणि बुरुलचा अपा सांगत बसल्या.